नव्या पाळकांच्या हाती मंडळी सोपवताना

(नवापूर तालुक्यातील एका आदिवासी मंडळीत जूनच्या पहिल्या रविवारी निरोपाची उपासना झाली. पाळक नसतानाच्या अकरा महिन्यांत मंडळीची देखरेख करणाऱ्या आमच्या समाजसेविका भगिनींनी त्या वेळी केलेले भाषण त्यांच्याच शब्दांत देत आहोत.)



ही उपासना ईस्टरनंतर लगेच ठेवावी असे पंचांचे म्हणणे होते. मीच विनंती केली की ऊसतोडीला गेलेली घरे परत येऊ द्या. दिवाळीनंतर ट्रक भरून बारडोलीकडे गेलेली आपली माणसे आता घरी आहेत. घरे शाकारून झाली आहेत, पेरणी अजून व्हायची आहे. ज्यांचा निरोप घ्यायचा ती माणसेच नसतील तर निरोप कोणाचा घ्यायचा?

पुढच्या रविवारी आपले नवे पाळकसाहेब येतील. मी आठ दिवस आधी निघते आहे, तेही ठरवूनच. त्यांच्या पहिल्या उपासनेत तुमचे डोळे माझ्यासाठी भरले, तर त्या बिचाऱ्यांना वाटेल की आपण कोणाच्या तरी जागेवर येऊन बसलो. त्यांचा दिवस त्यांचा असू द्या. रडायचे असेल ते आज रडून घ्या. मीही रडणार आहे, ते आधीच सांगते.

आपल्या नवापूर स्टेशनातला तो बाक तुम्हां सर्वांना माहीत आहे. अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. त्यावर मधोमध बसले की आपण नक्की कुठे आहोत ते सांगता येत नाही. गेले अकरा महिने आपली मंडळी अशीच मधोमध बसली होती. जुने पाळकसाहेब सेवानिवृत्त झाले आणि नवे यायचे होते. मी थिऑलॉजीचा डिप्लोमा केलेली आहे, पण दीक्षित पाळक नाही. उपासना चालवली, वचन सांगितले, आजाऱ्यांकडे गेले, मयतीला प्रार्थना केली. प्रभुभोजन मात्र मी देऊ शकत नव्हते. त्यासाठी शेजारच्या मंडळीचे पाळक दोन महिन्यांतून एकदा येत. श्रावणात नाल्याला पाणी आले आणि ते पलीकडच्या काठावरूनच परत गेले. त्या दिवशी मेजावरचे पांढरे कापड आपल्या आजीबाईंनी मुकाट्याने घडी करून ठेवले, ते मी विसरणार नाही. पाच बाळांचे बाप्तिस्मे थांबले. लग्न लावायलाही भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ प्रमाणे अधिकार किंवा परवाना लागतो, तो माझ्याकडे नाही. म्हणून दोन जोडप्यांची लग्ने शेजारच्या पाळकांच्या तारखेवर अडून राहिली. मंडळीला पाळक लागतो, हे या अकरा महिन्यांनी आपल्याला नीट शिकवले.

हिशेब

पवित्र शास्त्रात शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा बारावा अध्याय मला नेहमी थांबवतो. शमुवेल म्हातारा झाला आहे. लोकांनी राजा मागितला आणि त्यांना तो मिळाला आहे. आता कारभार सोडताना तो सगळ्या लोकांसमोर उभा राहतो आणि विचारतो की मी कोणाचा बैल घेतला का, कोणाचे गाढव घेतले का, कोणाकडून लाच खाल्ली का. असेल तर आत्ता सांगा, मी परत करतो. निरोपाच्या भाषणात आपण गोड आठवणी सांगतो. शमुवेलाने हिशेब दिला.

म्हणून मीही देते. अर्पणाचे, हंगामाच्या उपकारस्तुतीचे आणि औषध निधीचे पैसे खजिनदारांच्या वहीत आणि बँकेच्या पासबुकात आहेत. दोन्ही आज मागच्या टेबलावर उघडून ठेवली आहेत. वाचता येत असेल त्याने वाचावे, येत नसेल त्याने शेजारच्याकडून वाचून घ्यावे. बाप्तिस्म्याचे, लग्नाचे आणि मयताचे अशी तिन्ही रजिस्टरे लोखंडी कपाटात आहेत आणि कपाटाची चावी पंचांकडे आहे. धान्य बँकेच्या कोठीला दोन कुलपे आहेत. दोन्ही चाव्या महिला मंडळाच्या दोन बहिणींकडे आहेत, माझ्याकडे एकही नाही. आषाढात घरातले धान्य संपते तेव्हा सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून ही कोठी आहे. पीक आल्यावर नेलेले धान्य आणि वर ठरलेली पायली परत यायला हवी. ऊसतोडीला जाण्याआधी परतफेड झाली पाहिजे, हा नियम तुम्हीच केला आहे. नव्या पाळकांची ओळख सांगून कोणी त्यात सूट मागू नये.

कोणाचे काही माझ्याकडे राहिले असेल, भांडे असो, पुस्तक असो की पैसा, उपासनेनंतर येऊन सांगा.

तो अर्ज

आता एक अवघड गोष्ट. मंडळीत एक अर्ज फिरतो आहे. ताईंनाच इथे ठेवा, असे त्यात लिहिले आहे आणि खाली सह्या आणि अंगठे आहेत. ज्यांनी तो लिहिला त्यांचे माझ्यावर प्रेम आहे, मला ठाऊक आहे. पण वरच्या फळीतल्या घरांनी सह्या केल्या आणि खालच्या फळीतल्या घरांनी केल्या नाहीत, हेही मला ठाऊक आहे. नवे पाळक अजून गावात उतरलेही नाहीत आणि त्यांच्या नावाने दोन बाजू पडल्या.

करिंथ येथील मंडळीत हेच झाले होते. पौलाने तिथे मंडळी रुजवली. पुढे अपुल्लोस आला, तो बोलण्यात हुशार. मग काही म्हणू लागले आम्ही पौलाचे, काही म्हणू लागले आम्ही अपुल्लोसाचे, आणखी काही केफाचे. पौलाने आपल्या बाजूच्या लोकांना शाबासकी दिली का? नाही. आधी त्यांनाच विचारले की माझ्या नावाने तुमचा बाप्तिस्मा झाला का? मग त्याने शेताचे उदाहरण घेतले. एकाने लावले, दुसऱ्याने पाणी दिले, वाढ देवाने दिली. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हांला हे मी काय समजावणार? भाताची लावणी करणारे हात वेगळे असतात, कापणी करणारे वेगळे. लावणीच्या मजुरांना आम्ही जाऊ देणार नाही असे म्हणून कोणी त्यांना बांधावर बसवून ठेवत नाही.

तो अर्ज आज फाडून टाका, अशी मी हात जोडून विनंती करते. तो पुढे गेला तर माझ्या प्रेमापोटी काढलेल्या कागदावर तुमची मंडळी दुभंगेल. मला ते प्रेम नको आहे.

मी काय बरोबर नेते आणि काय ठेवून जाते

नव्या पाळकांशी माझे दोनदा बोलणे झाले. मी त्यांना काय सांगितले याची काहींना काळजी आहे, म्हणून सगळ्यांसमोर सांगते.

घरांची यादी दिली. कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, ते सांगितले. पावसात कोणत्या पाड्याची वाट बंद होते, ते सांगितले. दिवाळीनंतर निम्मे बाक रिकामे होतील, तेव्हा लोक आपल्याला सोडून गेले असे समजू नका, ती सगळी कोयता घेऊन गेली आहेत, तिथे त्यांना भेटायला जा, असे सांगितले. उसाच्या फडावर एक रविवार जाऊन पाहा, पालात बसून प्रार्थना करा, मग मंडळी कळेल, असेही म्हटले.

तुमची भांडणे सांगितली नाहीत. कोणाचा नवरा पितो, कोणाची सून माहेरी गेली, कोणी कोणाशी पाच वर्षे बोलत नाही, यातले एक अक्षरही त्यांच्या कानावर घातले नाही. तुम्ही जे मला रात्री कंदिलाच्या उजेडात सांगितले, ते मी माझ्याबरोबर नेते. ते वारशाने नव्या पाळकांना मिळणार नाही. तुम्हांला वाटेल तेव्हा, विश्वास बसेल तेव्हा, तुम्हीच त्यांना सांगा. त्यांना कोऱ्या पाटीने तुमच्याकडे येऊ द्या. तुम्हांलाही त्यांच्यापुढे नवी सुरुवात करण्याची संधी मिळते आहे. एखाद्याची दहा वर्षांपूर्वीची चूक प्रत्येक नव्या पाळकाला पहिल्याच आठवड्यात सांगायची, ही रीत आपण मोडू या.

सिकलसेलच्या तपासणीचेही तसेच आहे. आपल्या मंडळीत लग्नाची सूचना वाचण्यापूर्वी मुलगा आणि मुलगी दोघांची तपासणी करून घ्यायची, ही पद्धत जुन्या पाळकसाहेबांनी सुरू केली. कोणाच्या रक्तात काय निघाले ते माझ्याकडच्या वहीत होते. ती पाने मी ज्याच्या त्याच्या हातात दिली आहेत. वही आता कोरी आहे. पण पद्धत मोडू नका. तरुण मुलांनो, चार बिया मांडून केलेले गणित पुन्हा एकदा ऐका. वाहक माणूस निरोगी असतो, त्याच्यात काही कमी नाही. एक वाहक आणि एक निरोगी यांचे लग्न झाले तर मूल आजारी होत नाही, वाहक मात्र होऊ शकते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारपैकी एक शक्यता अशी की मूल आजारी जन्मेल. प्रत्येक गरोदरपणात, हे लक्षात ठेवा. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे होत नाही. दर वेळी चार बिया नव्याने मांडल्या जातात.

सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, २०४७ पर्यंतचे ध्येय ठेवले आहे. ते होईल तेव्हा होईल. आपल्या हातात एवढे आहे की लग्न ठरण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. ज्यांच्या घरी आजारी मूल आहे त्यांनी गोळ्या बंद करू नयेत, मुलाला भरपूर पाणी द्यावे, थंडीत जपावे, ताप आला तर प्रार्थना करावी आणि त्याच पावली दवाखाना गाठावा. नवे पाळक या भागातले नाहीत. त्यांना हा आजार तुम्ही समजावून सांगा. आईने सांगितलेले ते पुस्तकापेक्षा नीट ऐकतील.

तिसरी गोष्ट वनहक्काच्या फाइलींची. २००६ च्या कायद्याप्रमाणे ज्यांनी दावे केले त्यांचे कागद माझ्या पेटीत होते, कारण घरात उंदीर आणि पाऊस. आज प्रत्येकाची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून नावासकट मागे ठेवली आहे. घेऊन जा. त्यात दाव्याची पोच आहे, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसता याचे पुरावे आहेत, ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल आहे. एका गोष्टीकडे लक्ष द्या. उपविभागीय समितीने दावा फेटाळला तर जिल्हा समितीकडे दाद मागायला साठ दिवस असतात. फेटाळल्याचे कारण लेखी मागा आणि पत्र मिळालेली तारीख त्यावर लिहून ठेवा. साठ दिवसांत मला शोधत अक्कलकुव्याला यायचे, मग मी दौऱ्यावर असायचे, असे करत बसाल तर जमीन जाईल. तरुण संघातल्या चार मुलांनी अर्ज लिहायला शिकून घेतले आहे. त्यांच्याकडे जा. नव्या पाळकांवर पहिल्या दिवशी या पेट्यांचे ओझे टाकू नका. त्यांना आधी तुमची नावे तर पाठ होऊ द्या.

त्यांच्या घरी काय न्याल

पाळकांबरोबर पाळकीणबाई आणि दोन लेकरे येणार आहेत. बंगलीचे छप्पर तरुण संघाने नीट केले, त्याबद्दल देव त्यांचे भले करो. पहिल्या दिवशी चूल पेटवायला लागू नये म्हणून जेवण न्याल, ते मला सांगायला नको. पण त्यानंतरच्या महिन्यातही विचारपूस करा. लेकरांचा शाळेतला प्रवेश, रेशन कार्डाची बदली, दूध कोठे मिळते, ही कामे परक्या गावात जड जातात.

पाळकीणबाईंना महिला मंडळाचे अध्यक्षपद पहिल्याच रविवारी देऊ नका. त्यांनाही श्वास घ्यायला वेळ हवा. त्या पाळकांच्या पगारात मिळालेल्या बिनपगारी कामगार नाहीत.

नवे पाळक मराठी बोलतात, त्यांना मावची येत नाही. त्यांना कळावे म्हणून आपल्या आजीबाईंनी मराठीत अडखळत प्रार्थना करू नये. जी भाषा आईच्या दुधाबरोबर मिळाली, त्याच भाषेत देवाशी बोला. शेजारी बसलेल्या कोणीतरी पाळकांना अर्थ सांगावा. दोन वर्षांत ते शिकतील. मी शिकले, आणि माझ्या उच्चारांना तुम्ही किती हसलात ते अजून लक्षात आहे.

आणि तुलना करू नका. आमचे आधीचे पाळक असे करत, ताई तसे करत, हे वाक्य निदान एक वर्ष तोंडातून काढू नका. त्यांचे गाणे वेगळे असेल, उपदेश लांब असेल, घरभेटीची वेळ वेगळी असेल. काही चुकतेय असे वाटले तर बाजारात बोलू नका. पंचांनी त्यांच्या घरी जाऊन समोर बोलावे.

माझा फोन

माझा नंबर तुमच्याकडे आहे, तो काढून टाका असे मी म्हणत नाही. पण फोन आला तर माझा पहिला प्रश्न असेल, पाळकसाहेबांना सांगितले का? नसेल तर मी फोन ठेवीन आणि तुम्ही आधी त्यांच्याकडे जाल. मला राग आला असे समजू नका. लग्न, बाप्तिस्मा, मयत यांत प्रार्थना चालवायला मला बोलावू नका. तुमच्या सुखदुःखात यायला मला आवडेल. मी येईन, मागच्या सतरंजीवर बसेन, तुमच्याबरोबर गाईन आणि जेवून जाईन. पुढे मात्र तुमचे पाळक उभे असतील.

हे बोलणे कठोर वाटेल. पण जाणारा माणूस अर्धवट गेला तर येणाऱ्याला पुरते येता येत नाही. तुम्ही दुःखात असताना पहिल्यांदा ज्याला हाक मारता तो तुमचा पाळक होतो. पहिल्या वर्षी सगळ्या हाका मलाच मारल्यात, तर ते पगाराने पाळक राहतील आणि मनाने पाहुणे.

पंचांना शेवटचे

पौलाने इफिस येथे तीन वर्षे काम केले. पुढे यरुशलेमेला जाताना त्याचे तारू मिलेत बंदरात थांबले. तेथून इफिस पन्नासेक किलोमीटर. तिथल्या मंडळीच्या वडिलांना त्याने निरोप पाठवला आणि ते आले. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात ते सारे दिले आहे. पौल त्यांना सांगतो की मी कोणाच्या पैशाची किंवा कपड्यांची इच्छा धरली नाही, माझ्या हातांनी कमावून खाल्ले. पुढे संकटे येतील, बाहेरूनही आणि तुमच्यातूनही, म्हणून जागे राहा. मग तो त्यांना देवाच्या आणि देवाच्या वचनाच्या हाती सोपवतो. सगळे गुडघे टेकतात, गळ्यात पडून रडतात आणि त्याला तारवापर्यंत पोहोचवतात.

त्यांनी त्याला अडवले नाही, हे पाहा. रडले, पण तारवापर्यंत पोहोचवले.

आपले पंच शिकलेले थोडे आहेत. काहींना सहीऐवजी अंगठाच येतो. पण गेल्या अकरा महिन्यांत एकही रविवार उपासनेची घंटा वाजल्यावाचून गेला नाही. ती घंटा मी वाजवली नाही, तुम्ही वाजवलीत. माझी गाडी बंद पडली त्या रविवारी पंचांनी स्वतः वचन वाचले, मावचीत चार शब्द सांगितले, आणि लोक म्हणाले की आज नीट कळले. नवे पाळक आजारी पडतील, सभेला जातील, कधी काळी बदलूनही जातील. तेव्हा मंडळी पुन्हा मधल्या बाकावर बसेल. त्या दिवशी तुम्ही घाबरू नये, एवढेच मला हवे आहे.

सोमवारी मी अक्कलकुवा भागात नव्या कामावर जाईन. तिथल्या पाड्यांसाठी प्रार्थना करा. तिथेही सिकलसेलची मुले आहेत आणि दावे पडून आहेत.

आता उठून उभे राहू या. लहान लेकरांना पुढे येऊ द्या.

हे प्रभू, ही मंडळी तुझी आहे. ती माझी कधीच नव्हती आणि येणाऱ्या सेवकाचीही नसेल. त्याला निरोगी ठेव, त्याच्या घरात शांती दे, त्याच्या जिभेला या लोकांची बोली शिकव. वरच्या फळीला आणि खालच्या फळीला एका सतरंजीवर बसव. फडावर राबणाऱ्या हातांना सांभाळ, आजारी लेकरांना बळ दे, कसणाऱ्याला त्याची जमीन मिळू दे. थांबलेल्या पाच बाळांना पुढच्या रविवारी तुझ्या नावाने पाणी मिळू दे. येशूच्या नावाने मागते. आमेन.

सर्वांना सलाम.